तीन लाल टाके

चर्चच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, कपड्यांची खोली होती. तिथे एकोणीस वर्षं बसून बसून मावशीचा जीव विटला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांना वाटतं, दानधर्माचं काम करणारा माणूस आतून कसा उजळून निघत असेल. कसलं काय आणि कसलं काय. खोलीला कुबट वास, खिडकी एकच आणि तीही अर्धी जाम, मावशीचे गुडघे सकाळपासून ठणकणारे आणि दर शनिवारी तीच रांग, तेच हात पुढे, तीच रडगाणी. संध्याकाळी दार ओढून घेताना तिला वाटे, पुढच्या शनिवारी यायचंच नाही. आणि पुढच्या शनिवारी ती पहिली हजर असे, कारण घरी बसून तरी काय करायचं होतं?

काम असं होतं. मंडळीतली माणसं जुने कपडे पिशव्यांत कोंबून आणून टाकत. मावशी ते धुवायला लावी, उसवलेलं शिवी, तुटलेली बटणं लावी आणि शनिवारी दुपारी गरजूंना वाटी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिची तीस वर्षं गेली होती. हाताला उरक दांडगा. तोंडाला मात्र गोडवा नव्हता. समोर सगळे मावशी म्हणत, पाठीमागे आंबट मावशी. तिला ते ठाऊक होतं, आणि आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

खोलीतून जाणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या आत, डाव्या शिवणीपाशी, मावशी तीन लाल टाके घाली. त्याला कारण होतं. पूर्वी काही बहाद्दर इथून फुकट कोट न्यायचे आणि सरळ जुन्या बाजारात विकून मोकळे व्हायचे. मग बाजारातल्या दुकानदारांना सांगून ठेवलं, आत तीन लाल टाके दिसले तर तो कपडा विकत घ्यायचा नाही. बाहेरून काही दिसत नसे. घालणाऱ्याला तेवढं कळत असे की हे दान मिळालेलं आहे.

त्या थंडीत चर्चचा राखणदार काम सोडून मुलाकडे राहायला गेला आणि वरची त्याची खोली रिकामी झाली. एक खाट, एक खिडकी, पाण्याचा नळ, बस्स. पण उघड्यावर झोपणाऱ्याला तो राजवाडाच. चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब भला माणूस, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. ते मावशीला म्हणाले, तुम्ही या लोकांना दर आठवड्याला बघता, तुम्हीच एक नाव सुचवा, मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत चिठ्ठी पेटीत टाका म्हणजे झालं. मावशीला हे नकोच होतं. सहा जणांची नावं आली, आणि पाचांना नाही म्हणायचं काम परत तिच्याच गळ्यात.

रंगारीबाबांचं नाव सगळ्यांत वर होतं. म्हातारा पूर्वी घरांना रंग द्यायचा. शिडीवरून पडला आणि उजवा हात कोपरात वाकेनासा झाला. तेव्हापासून दुकानांच्या पायऱ्यांवर झोपायचा. कोटाला पट्टा नाही म्हणून सुतळी बांधलेली. एक मोजा दिला तरी तीनदा आभार मानायचा, आणि मावशीला तेवढं एक बरं वाटायचं. का वाटू नये? तिलाही मन होतं.

आणि नेमकी त्याच शनिवारी, रांगेच्या शेवटी, ती निळ्या कोटवाली आली.

ही गेले तीन आठवडे येत होती आणि आली की मावशीच्या कपाळाला आठी पडत होती. वय असेल तिशीच्या आसपास. गडद निळा कोट, घोट्यापर्यंत ब्रश मारलेला. पांढरी कॉलर, केस चापूनचोपून बांधलेले, ओठांना लाली, बुटांना पॉलिश. पहिल्यांदा तिने गडद रंगाचा स्कर्ट मागितला. दुसऱ्यांदा मावशीने दिलेला ब्लाउज परत आणला आणि म्हणाली, याला पुढून डाग आहे, दुसरा मिळेल का? मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. फुकटचं घ्यायचं आणि वर निवड करायची. तिने दुसरा ब्लाउज काही दिला नाही.

आज त्या बाईने कपडे मागितले नाहीत. विचारलं, वरच्या खोलीच्या यादीत माझं नाव घालाल का?

मावशीने तिच्याकडे केसांपासून बुटांपर्यंत एकदा नीट बघून घेतलं. फाटक्या माणसांना ती सरसकट अरे-तुरे करी, त्यात मायाही असे. या बाईला मात्र तिने अहो-जाहो लावलं होतं, आणि त्यात माया औषधालाही नव्हती.

"बाई, ती खोली ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्यासाठी आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही तर कामावर जाणाऱ्या दिसता."

"काम आहे. छप्पर नाही."

हे तिने असं सांगितलं की जणू कोणी वेळ विचारली आणि तिने सांगितली. डोळ्यांत पाणी नाही, हात जोडणं नाही. मावशीने नाव विचारून यादीत लिहून घेतलं आणि बघू म्हणाली. आता आपल्याकडे बघू म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं. बाईने मान हलवली आणि बाहेरच्या दालनात, जिथे भिंतीलगत उबेसाठी गरम पाण्याचे नळ जात होते, तिथल्या बाकावर जाऊन बसली. मावशीने पेन्सिल उचलली, तिच्या नावावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, गरजू नाही. खरं सांगायचं तर काट मारताना तिला थोडं बरंही वाटलं. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर कोणालातरी नाही म्हणायला मिळालं होतं. मग एका चिठ्ठीवर रंगारीबाबांचं नाव लिहून तिने तिची घडी घातली आणि पाळकसाहेबांच्या पेटीत टाकून आली.

तासाभराने तिने आवरायला घेतलं. दालन बंद करायचंय म्हणून बाकावरच्या बाईला सांगितलं. ती उठली, दाराशी गेली, आणि दाराच्या कडीत तिच्या कोटाचा खिसा अडकला. टर्रकन आवाज झाला. खिशापासून खाली अस्तर फाटत गेलं आणि कोटाच्या बाहेर लोंबू लागलं.

तीस वर्षं कापडात गेलेल्या बाईला तो आवाज सहन होत नाही. माणूस आवडो न आवडो, फाटलेलं कापड तसंच जाऊ देणं मावशीच्या रक्तात नव्हतं. काढा इकडे, दोन मिनिटांत शिवून देते, असं ती चिडूनच म्हणाली. बाई म्हणाली, राहू द्या, मी बघेन. मावशी म्हणाली, काय बघणार, उद्यापर्यंत सगळं खाली येईल. बाईने दाराकडे बघितलं. मग दार लावून घेतलं, पाठ फिरवली आणि हळूहळू बटणं काढून कोट मागे न बघताच मावशीच्या हातात दिला.

मावशीने कोट घेतला आणि तिची नजर त्या पाठीवर खिळली. पांढरी कॉलर होती ती नुसतीच कॉलर होती. खाली ब्लाउज नव्हता. कोणत्यातरी जुन्या ब्लाउजची कॉलर कापून ती एका तपकिरी स्वेटरला टाचण्यांनी लावली होती, आणि स्वेटर असा विरलेला की कोपरं पार बाहेर आलेली. स्कर्ट कमरेत दोन ठिकाणी गोळा करून पिन मारलेली. खांद्यांची हाडं मोजून घ्यावीत अशी.

मावशीने कोट उलटा केला, दिव्याखाली धरला. आणि डाव्या शिवणीपाशी तिला तीन लाल टाके दिसले.

टाके तिचेच होते, यात शंका नव्हती. तिच्या अंगठ्याचा सांधा आखडलेला असल्यामुळे तिसरा टाका नेहमी तिरका जाई, तसाच तो गेला होता. आधी तिला रागच आला, आणि हा कुठून आणलात, कोणाकडून घेतलात, असं तिने दरडावून विचारलं.

बाई वळली. अंगाभोवती हात घट्ट धरून ती म्हणाली, "तुम्हीच दिलात, मावशी. दोन वर्षं झाली. तुम्ही मला ओळखलं नाहीत."

मग तिने सांगितलं. दोन थंड्यांपूर्वी ती इस्पितळातून सुटून आली होती. घरच्यांनी दार उघडलं नव्हतं. केसांच्या जटा झालेल्या, एका पायात बूट, दुसऱ्याला चिंधी. इथल्याच कपड्यांच्या खोलीत मावशीने तिला स्टुलावर बसवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, कात्रीने जटा कापल्या आणि हा कोट अंगावर चढवला. आणि हनुवटी धरून सांगितलं होतं, "आता चारचौघींसारखी राहा. नीटनेटकी दिसलीस तर कोणीतरी दारात उभं करेल."

"म्हणून राहिले," बाई म्हणाली. "रोज तोंड धुताना तुमचं ते बोलणं मनात म्हणते."

तिने जे पुढे सांगितलं ते मावशी खाली बघून ऐकत होती. दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायचं, रुग्णांची नावं लिहून घ्यायची, हे काम तिला तीन महिन्यांपूर्वी लागलं होतं. हसतमुख आणि टापटीप दिसलंच पाहिजे, अशी अट. डाग पडलेला ब्लाउज काउंटरवर चालत नाही, म्हणून तो परत आणला होता. राहायला जागा नाही हे कळलं तर कामावरून काढतील, म्हणून पत्ता याच चर्चचा दिलेला. पगारात जेवण आणि आंघोळीची सोय भागते, भाड्याची खोली नाही. झोपायचं बसस्थानकात, खुर्चीवर बसूनच, म्हणजे केस विस्कटत नाहीत. तिथला राखणदार तिला हाकलत नाही, कारण तिच्याकडे बघून त्याला वाटतं, ही कोणी प्रवासी आहे, गाडीची वाट बघतेय.

मावशीला सगळं आठवलं. ती जटावाली पोर तिच्या मनातून कितीतरी दिवस गेली नव्हती. दोन-तीन रविवार तिने उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना केली होती, प्रभू, त्या पोरीला माणसांत आण म्हणून. नंतर नवऱ्याचं दुखणं सुरू झालं आणि सगळंच मागे पडलं. आणि बघा, प्रार्थना ऐकली गेली होती. पोर माणसांत आली होती, कॉलर लावून समोर उभी राहिली होती, आणि मावशीने तिच्या नावावर काट मारून वर गरजू नाही असं लिहिलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांपुढे सुईचं नाक दिसत नव्हतं. बाईने तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. मावशीने अस्तर शिवलं, एकही टाका इकडेतिकडे न होऊ देता. मग म्हणाली, "इथेच बस, जाऊ नकोस," आणि पाय ओढत बाहेर पडली.

पेटी रिकामी होती. पाळकसाहेबांचं घर बावीस पायऱ्या वर. मावशी एरवी त्या पायऱ्या टाळायची, आज कठड्याला धरून चढली. पाळकसाहेब उद्याचं प्रवचन लिहीत बसले होते. तिला बघून ते खूश झाले. म्हणाले, तुमची चिठ्ठी मिळाली, रंगारीबाबांना लगेच किल्ली दिली, म्हातारा खाटेवर बसून बूट काढता काढता रडायला लागला हो. मावशी दारातच उभी राहिली. तिथून समोर वरच्या खोलीची खिडकी दिसत होती. दिवा लागला होता, आणि बाबा डाव्या हाताने आपला ब्रशांचा डबा खिडकीत मांडत होते. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या रंगवल्या, आज एक त्यांच्या वाट्याला आली होती.

काही चुकलं का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मावशी म्हणाली, बाबांचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. आणि तिने सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मी तर तुमच्या शब्दावर गेलो, असं ते हळूच म्हणाले. दोष द्यायला नाही, पण मावशीला लागायचं ते लागलं. मग ते म्हणाले, बाबांशी बोलून बघू का? मावशीने पुन्हा त्या खिडकीकडे बघितलं आणि नको म्हणाली.

पायऱ्या उतरताना तिच्या मनात काय आलं, तेही लपवायला नको. तिला वाटलं, ती बाई कंटाळून निघून गेली असेल तर बरं. मावशीच्या घरात दोन खोल्या होत्या. एकीत नवऱ्याची खाट. तो जाऊन अकरा महिने झाले, आणि ते दार तिने एकदाही उघडलं नव्हतं. तिथे कोणी येणं, चादर बदलणं, खिडकी उघडणं, या विचारानेच तिचा जीव दमला. तिला कोणाशी बोलायचं नव्हतं, कोणाचं ऐकायचं नव्हतं. एकोणीस वर्षं दिलं, अजून किती देऊ प्रभू, असं ती जिन्यात मोठ्यानेच म्हणाली. उत्तरादाखल गुडघा तेवढा कळवळला.

बाई गेली नव्हती. टेबलावर राहिलेला कपड्यांचा ढीग तिने घड्या घालून लावून टाकला होता. मावशीची खुर्ची गरम नळांजवळ ओढून ठेवली होती आणि स्टुलावर चहाचा कप झाकून ठेवला होता.

"बसा, मावशी," ती म्हणाली. "किती थकलात तुम्ही."

अकरा महिन्यांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणत, मावशी चिडली, मावशी बोलेल, मावशीच्या वाटेला जाऊ नका. मावशी खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं. तोंडावर पदर घेण्याइतकंही भान राहिलं नाही. तू घाबरत नाहीस का मला, असं मावशीने नाक पुसत विचारलं, सगळे तर घाबरतात.

"मी दातांच्या डॉक्टरकडे बसते ना," बाई म्हणाली. "ज्याचं दुखत असतं तो माणूस रागावल्यासारखाच दिसतो."

मावशीने चहा घेतला. तो कोमट झाला होता, पण तिने सगळा प्यायला. मग कप खाली ठेवून सांगितलं, खोली गेली, रंगारीबाबांना मिळाली. बाईने क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, बरं झालं, थंडीत त्यांचा हात फार धरतो. आणि ती कोटाची बटणं लावू लागली. तीन लावून झाली तेव्हा मावशीने उरलेलंही सांगून टाकलं, की तुझं नाव मीच खोडलं, गरजू नाही असं माझ्या हाताने लिहिलं.

बाईचे हात बटणावरच थांबले. तिचा चेहरा पडला, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मला वाटलंच होतं, एवढंच ती म्हणाली. मावशीने माफी मागितली. चुकलं गं माझं, चुकलं, असं ती दोनदा म्हणाली.

"माझ्या घरी एक खोली आहे," मग ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

"कीव म्हणून नेत असाल तर नको, मावशी. बसस्थानकात माझी कोणी कीव करत नाही."

"कीव कसली आलीय. मला रात्र रात्र झोप नाही. नवऱ्याला खोकला होता, जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडली. आता घरात काही वाजतच नाही. पलीकडे कोणी कूस बदललेली ऐकू आली तरी डोळा लागेल माझा."

बाईने डोळे पुसले.

"मी खोकत नाही पण," ती म्हणाली.

"चालेल. दार आपटत जा मधूनमधून."

दोघींनाही थोडं हसू आलं. मावशीने छोटी कात्री घेतली आणि बाईला जवळ बोलावून कोटाची डावी बाजू उलटी केली. एक टाका कापला, दुसरा कापला. तिसरा, तो तिरका, कापडात रुतून बसला होता. तो तिने नखाने ओढून काढला. दोऱ्याचे तुकडे कपड्यावरून झटकले आणि दिवा मालवला.

वाटेत बसस्थानक लागलं. बाईची बॅग तिथे खुर्चीखाली होती, ती घ्यायला दोघी आत गेल्या. मावशीने बाईचा दंड धरला होता. एरवी ती कोणाचा आधार घेणारी नव्हती, पण गुडघ्याने आज हात टेकले होते. गणवेशातला राखणदार फाटकापाशी उभा होता. बाई बॅग घेऊन परत निघाली तेव्हा त्याने बॅगेकडे बघितलं, तिचा दंड धरलेल्या म्हातारीकडे बघितलं आणि टोपी जरा मागे सारली.

"ताई, लागली का आज गाडी?" त्याने विचारलं. "तीन महिने बघतोय. रोज चुकते तुमची."

बाई जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "लागली, काका."

राखणदाराने फाटक उघडून धरलं. मावशी त्याच्यासमोर थांबली. एकोणीस वर्षं ती माणसं पारखत बसली होती, आणि हा तीन महिने नुसता उभा राहून, न बोलता, एका खुर्चीची राखण करत होता. तिने त्याला हात जोडले आणि बॅगेचा एक बंद आपल्या हातात घेतला.